पित्याला क्रुसावर चढवलं त्याची गोष्ट

आमच्या आळीत कुणी वारलं की रात्री मयताच्या घरी प्रार्थना कोण घेणार, हा प्रश्न पूर्वी कधी पडलाच नाही. समोरच्या मावशी होत्या. जपमाळ, लितानी (एकानं नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं ती प्रार्थना), मध्येमध्ये स्वतःच्या शब्दांतल्या विनंत्या, सगळं त्या चष्म्याशिवाय करायच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच वारल्या. अंगणात मांडव पडला, खुर्च्या आल्या, पेटीभोवती मेणबत्त्या लागल्या, आणि साडेआठ वाजता सगळ्यांच्या लक्षात आलं की सुरुवात करायला माणूसच नाही. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. माझा आवाज मोठा आहे, पात्रता म्हणावी तर तेवढीच.

जपमाळ निभावली. शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना करायची होती. मी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी क्रुसावर प्राण दिलास, तिसऱ्या दिवशी उठलास, आमच्या या बहिणीलाही तुझ्याबरोबर उठव.’ सगळ्यांनी दणदणीत ‘आमेन’ म्हटलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं की!

नंतर मांडवात काळा चहा आणि बिस्किटं फिरत होती. आमचे मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जन्मभर मराठी शिकवलेलं. चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, ‘छान बोललीस बाय. फक्त पित्याला क्रुसावर चढवलंस.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. सात वर्षांची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेलं, पिता वेगळा, पुत्र वेगळा, पवित्र आत्मा वेगळा, तरी देव एकच. क्रुसावर कोण मेलं हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि तोंड उघडल्यावर मात्र तिघांची खिचडी. मी म्हटलं, ‘मास्तर, देवाला कळलं असेल ना?’

‘देवाला कळलंय,’ मास्तर म्हणाले. ‘तुला कळलंय का, एवढंच विचारतोय.’

पुढे आमच्या धर्मगुरूंना हे हसत सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ही चूक फार जुनी आहे. इसवी सन २१३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं प्राक्सेयस नावाच्या माणसाला याच गोष्टीवरून झोडपलं होतं. पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन नावं, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. टर्टुलियननं लिहिलं की यानं पवित्र आत्म्याला पळवून लावलं आणि पित्याला क्रुसावर चढवलं. मी माझी प्रार्थना आठवून पाहिली. पवित्र आत्म्याचं नाव त्यात एकदाही नव्हतं. म्हणजे दोन्ही गुन्हे पुरे.

मावशींनंतर आळीची प्रार्थना माझ्याच गळ्यात पडणार हे दिसत होतं, म्हणून मी मास्तरांकडे शनिवारी संध्याकाळी जायला लागले. जाताना विनंत्या लिहून न्यायच्या, ते लाल पेनानं तपासणार. पहिल्या शनिवारी त्यांनी कागदावरच्या ‘प्रभू’ या शब्दाला नऊ ठिकाणी गोल केला आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द लिहिला: ‘कोण?’

आपल्या मराठी प्रार्थनांत ‘प्रभू’ म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली. पित्याला म्हणतो, येशूला म्हणतो, आणि कुणाला म्हणतोय हे नक्की नसलं तरी म्हणतो. तो शब्द वाईट नाही, विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, आत्म्यालाही प्रभू म्हटलंय. पण माझ्यासारखीला तो आडोसा होतो. त्याच्यामागे लपून मी कुणाशीच बोलत नव्हते. एक मोठासा, धूसर, ऐकणारा कुणीतरी डोक्यात धरायचा आणि त्याच्याकडे यादी सरकवायची: पाऊस, परीक्षा, कर्ज, गुडघे.

मास्तर मग व्याकरणावर आले. त्यांच्या दृष्टीनं जगातल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ व्याकरणातच असतं. ‘ख्रिस्ती प्रार्थना तीन खुंट्यांवर टांगलेली आहे,’ ते म्हणाले. ‘पित्याला. पुत्राच्या द्वारे. पवित्र आत्म्यामध्ये. ला, द्वारे, मध्ये. नावं तुला सातव्या वर्षीच पाठ झाली, पुढचे प्रत्यय आणि शब्दयोगी राहिले.’ इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं अठरावं वचन त्यांनी मला काढायला लावलं. तिथे हेच, एका वाक्यात: त्याच्या द्वारे, एका आत्म्यात, पित्याजवळ जायला वाट.

ते लहानपणी वेदीसेवक होते, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या आधी, म्हणजे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती तेव्हा. ‘पेर दोमिनुम नोस्त्रुम येसुम ख्रिस्तुम’ ऐकू आलं की प्रार्थना संपत आली, आता ‘आमेन’ म्हणायचं, एवढंच त्यांना कळायचं. बाकी नजर घंटेवर. १९६२ ते ६५ ची ती परिषद झाली, मिस्सा मराठीत आली, आणि आपण आठ-दहा वर्षं जे ऐकत होतो ते ‘आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या द्वारे’ होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. ‘द्वारे म्हणजे दार गं,’ ते म्हणाले, ‘आपण ते पत्त्याच्या शेवटी पिनकोड टाकावा तसं टाकतो.’

मला त्यांनी एक गृहपाठ दिला. मिस्साच्या पुस्तकाची झेरॉक्स काढायची आणि प्रत्येक वाक्य कुणाला उद्देशून आहे ते रंगानं दाखवायचं. पित्याला निळा, पुत्राला लाल, आत्म्याला हिरवा. मी अंधेरीला एका कचेरीत हिशेब बघते. नालासोपाऱ्याहून सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर मिळाली, तिच्यावर अर्धी बसून मी दोन आठवडे हे रंगकाम केलं. रोजच्या डब्यातली मैत्रीण वाकून बघायची. एकदा म्हणाली, ‘तीन रंग म्हणजे तुमचे ते तीन देव ना? आमच्या दत्तगुरूंसारखं का?’ पूर्वी मी ‘हो, तसंच काहीसं’ म्हणून सुटका करून घ्यायचे. त्या दिवशी म्हटलं, ‘तीन देव नाहीत गं. आणि दत्तगुरूंचं तुला माझ्याहून जास्त माहीत, मी कशाला तुलना करू? आमच्यात कसं, मी प्रार्थना करते ती एकाला, एकाच्या सोबतीनं, एकाच्या जोरावर. आणि ते तिघं मिळून एकच देव.’ ती म्हणाली, ‘कठीण आहे.’ मी म्हटलं, ‘मलाही.’ अंधेरी आली.

रंगकामातून जे निघालं त्यानं मी चकित झाले. बहुतेक पानं निळी. सुरुवातीची प्रार्थना निळी, अर्पणावरची निळी, आणि मधली मोठी, भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन धर्मगुरू म्हणतात ती सबंध पित्याला. तीस वर्षं मी समजत होते की तिथे धर्मगुरू येशूशी बोलतात. नाही. येशूनं काय केलं ते पित्याला सांगतात, आणि पित्यालाच विनवतात की या दानांवर तुझा आत्मा पाठव. त्या वेळी ते दोन्ही तळहात खाली करून पेल्यावर धरतात. ते हात मी हजारदा पाहिलेत, ते काय मागताहेत ते कधी ऐकलं नव्हतं. ३९३ साली हिप्पोच्या धर्मसभेनं नियमच केला होता की वेदीवरची प्रार्थना नेहमी पित्याला उद्देशून असावी. म्हणजे तेव्हाही कुणीतरी माझ्यासारखी खिचडी करत असणार, त्याशिवाय नियम कोण करतं?

लाल तुरळक, पण जिथे आहे तिथे जवळचा. ‘ख्रिस्ता, दया कर’ लाल. गौरवगीत निळ्यात सुरू होतं आणि मध्येच लाल होतं. ‘हे प्रभो, आम्ही तुझ्या मरणाची घोषणा करतो’ लाल. ख्रिस्तशरीर घेण्याआधी, शांतीच्या प्रार्थनेपासून ‘देवाच्या कोकरा’पर्यंत जवळजवळ सलग लाल. माझं मन नेमकं तिथेच जागं होतं हेही लक्षात आलं. मास्तरांना विचारलं, ‘मग येशूला थेट प्रार्थना करायची नाही का?’ ते म्हणाले, ‘कोण म्हणालं? स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा तो “प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर” म्हणाला. त्यानं व्याकरण बघितलं नाही. तू येशूशी बोल, पोटभर बोल. फक्त ज्याच्याशी बोलतेस त्याच्याशीच बोल. आईशी बोलताना मध्येच तिला बाबा म्हणतेस का?’

हिरवं पेन मात्र तसंच राहिलं. रविवारच्या नेहमीच्या मिस्सात पवित्र आत्म्याला थेट उद्देशून एक ओळ सापडेना. त्याच्याविषयी आहे, त्याला पाठव म्हणून आहे, त्याच्या ऐक्यात म्हणून आहे, पण ‘हे पवित्र आत्म्या’ असं नाही. ते पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाला ‘ये’ म्हणून गातो तेव्हा, नाहीतर गायनात. माझं माहेर वसई तालुक्यातल्या नंदाखालचं. तिथलं चर्चच पवित्र आत्म्याच्या नावाचं, त्यामुळे मला हे जरा लागलं. माहेरच्या माणसाला पंगतीत पान नाही, तसं. तक्रार घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, माझ्यासमोर धरला. ‘मी चष्म्यातनं वाचतो. चष्मा वाचत बसत नाही. मध्ये, सांगितलं ना तुला. त्या शब्दाचं हेच आहे. तुझ्या तोंडून “पित्या” निघतं ते कुणाच्या जोरावर निघतं?’ मग गलतीकरांस पत्रातला चौथा अध्याय: आत्माच आपल्या अंतःकरणात ‘अब्बा, पित्या’ अशी हाक मारतो.

याच शब्दयोगी अव्ययांवरून चौथ्या शतकात रान पेटलं होतं, हे मला मास्तरांमुळे कळलं. अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू एरियस, त्याच्या बाजूचे लोक म्हणायचे, बघा, ‘पुत्राच्या द्वारे’ म्हणता ना, म्हणजे पुत्र मध्यस्थ, हाताखालचा, देव नव्हे. ३२५ साली निकेयाला धर्मसभा भरली, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं, तरी भांडण मिटलं नाही. कॅसरियाचे बिशप बासील दोन्ही तऱ्हांनी म्हणायचे: कधी ‘पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ पित्याला गौरव, तर कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ पित्याला गौरव. लोक तुटून पडले की हे ‘सह’ कुठून आणलंत. बासीलनी उत्तरादाखल ३७५ च्या सुमारास अख्खा ग्रंथ लिहिला, ‘मध्ये’ आणि ‘सह’ यांच्यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपला बाप्तिस्मा तिघांच्या नावानं झालाय, म्हणून विश्वासही तसाच आणि स्तुतीही तशीच. ‘द्वारे’ आणि ‘मध्ये’ म्हणजे देवाकडून आपल्याला जे मिळालं ते, आणि ‘सह’ म्हणजे तिघांची प्रतिष्ठा सारखी. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनं पित्या-पुत्राबरोबर आत्म्याचीही आराधना होते हे मान्य केलं. तोवर बासील वारले होते. मास्तर ही गोष्ट अशी सांगतात की जणू बासील त्यांच्याच शाळेत स्टाफरूममध्ये बसायचे.

मला मनापासून न आवडणारी एक गोष्ट सांगून टाकते. त्रैक्याच्या, म्हणजे तिघं मिळून एक देव याच्या सणाच्या, रविवारी प्रवचनात दाखले येतात ते. पाणी, बर्फ, वाफ. एकच पाणी तीन रूपांत, म्हणजे एकच देव तीन सोंगांत, आणि हे तर प्राक्सेयसचंच म्हणणं झालं! शिवाय ते आयर्लंडचं तीन पानांचं रोपटं, जे आमच्या वाडीत कुणाच्या बापजन्मी पाहिलेलं नाही. क्रुसाची खूण करताना आपण ‘पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ म्हणतो. ‘नावांनी’ म्हणत नाही, ‘नावाने’. तिघं, नाव एक. सांगायचं ते तिथेच सांगून झालंय, रोज, पोळी ताटात पडायच्या आधी.

एप्रिलमध्ये आबांना, माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकरा दिवस इस्पितळात होतो. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रात्रीची पाळी माझी असायची. आळीला प्रार्थना शिकवायला निघालेली मी तिथे स्टुलावर बसून एक विनंती धड करू शकत नव्हते. ‘बरं कर’ म्हणावं तर डॉक्टरांचा चेहरा आठवायचा, ‘ने’ म्हणवत नव्हतं. निळा, लाल, हिरवा सगळं घरी राहिलं. आबा रात्रभर कण्हायचे. शब्द नाही, नुसतं कण्हणं, श्वासाच्या तालावर.

मोबाइलवर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला, मास्तरांनी कधीतरी सांगितला होता म्हणून. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा हातभार लावतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनवतो. ‘कण्हणं’ हाच शब्द. हे वचन मी चर्चमध्ये वाचलंही होतं, माईकवर, स्पष्ट उच्चारात. शेजारी खरोखर कण्हणारं माणूस असताना पहिल्यांदाच वाचलं. आठ वचनं खाली लिहिलंय, ख्रिस्तही देवाच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करतो आहे. म्हणजे आत्मा आतून मागतोय, पुत्र तिकडून मागतोय, ऐकणारा पिता. मी स्टुलावर गप्प. प्रार्थना चालू होती, माझ्यावाचून अडली नव्हती. मला त्या रात्री झोप लागली, पाळी असूनही लागली, आणि पहाटे नर्सनं रागावून उठवलं.

आबा घरी आले. मे उजाडला, क्रुसाजवळच्या संध्याकाळच्या जपमाळा सुरू झाल्या आणि आळीनं लितानी माझ्या हातात दिली. यातही व्याकरण आहे हे तोवर दिसू लागलं होतं. पिता देवा, पुत्र देवा, पवित्र आत्मा देवा, पवित्र त्रैक्य एक देवा, या चार ओळींनंतर लोकांनी म्हणायचं ‘आमच्यावर दया कर’. पाचव्या ओळीत मरियामातेचं नाव आलं की उत्तर बदलतं: ‘आमच्यासाठी विनंती कर’. दया करणारा एक, विनंती करणारे पुष्कळ. मागच्या रांगेतली पोरं ‘दया कर’च्या लयीत पुढे वाहवत जायची. मी त्या जागी क्षणभर थांबून आवाज चढवायला शिकले. पोरं अडखळायची, हसायची, वळणावर यायची.

त्या वर्षी, २०२५ ला, पाऊस मे संपायच्या आतच येऊन ठेपला. पेंटेकॉस्ट ८ जूनला आणि त्रैक्याचा रविवार १५ जूनला. १३३४ साली पोप बाविसावे जॉन यांनी हा सण सगळ्या चर्चला लावून दिला. आमच्याकडे तो बहुधा पावसाच्या तोंडावर येतो. त्या मिस्साच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहायला मला सांगितलं. निकेयाच्या सभेला १७०० वर्षं झाली म्हणून त्याचा उल्लेख हवा, एवढीच सूचना.

पाच विनंत्या लिहिल्या. सगळ्या पित्याला, शेवट पुत्राच्या द्वारे, आणि पहिल्याच ओळीत आत्म्याचं नाव. ‘प्रभू’ एकदाही नाही. तिघांची नावं पुन्हा पुन्हा तपासली, आता मास्तर लाल पेन कुठे लावतात बघू, म्हणून ऐटीत कागद पुढे केला. मास्तरांनी सावकाश वाचला आणि चौथ्या विनंतीवर आडवी रेघ मारली. मी लिहिलं होतं, ‘समुद्रावर गेलेल्या आमच्या कोळी बांधवांना सुखरूप घरी आण.’

‘बाय, १ तारखेपासून मासेमारी बंद आहे. होड्या वर ओढून शाकारल्यात. समुद्रावर कोण गेलंय?’

गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवलं होतं. खोडून लिहिलं, ‘या दोन महिन्यांत ज्यांच्या घरी मिळकत नाही त्यांना निभावून ने.’ मास्तर म्हणाले, ‘हं. आता पित्याला कळेल, तू कुठून बोलतेस ते.’

रविवारी पाऊस इतका होता की पत्र्याच्या आवाजात माइक गेला. माझ्या पाचपैकी तीन विनंत्या तरी पहिल्या चार बाकांपलीकडे पोचल्या नसतील. लोकांनी तरी वेळच्या वेळी उत्तर दिलं, अंदाजानं.

भिजून घरी आले तेव्हा आबा खिडकीशी टेकून बसले होते. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. चर्चहून कुणी आलं की क्रुसाची खूण करायची ही त्यांची जुनी सवय. पूर्वी उजव्यानं व्हायची. हात कपाळाला गेला. मग छातीवर आला. खांद्यापर्यंत मात्र सरकेना, तिथेच छातीवर थांबला, बोटं थोडी हलत. मी जवळ गेले. धरून पुढे न्यावा असं वाटलं, पण नेला नाही. आबा कण्हले, तेच श्वासाच्या तालावरचं.

आतून आई ओरडल्या, ‘आमेन म्हणा आणि चहा घ्या, निवतोय.’